पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट

फोन आला तेव्हा मिस्त्री गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात सातव्या मशीनखाली आडवा पडला होता. तोंडात चार स्क्रू धरलेले होते. बायको अकरा दिवस दवाखान्यात होती, आणि त्या सकाळी तिनेच त्याला पिटाळलं होतं. "इथे बसून माझा श्वास मोजू नकोस. जा कामाला." फोनवर नर्स म्हणाली, "लवकर या." एवढंच. मिस्त्रीने स्क्रू एकेक करून तळहातावर काढले, डबीत टाकले, डबीचं झाकण लावलं आणि मग पळत सुटला. लवकर या म्हणजे उशीर झाला, हे त्याला डबी उघडतानाच कळलं होतं.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आतून घट्ट होत गेली. कशामुळे? काही वेळा कारण सापडत नाही. मिस्त्रीची उभी हयात शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात गेली होती. बिनकारणाचं बंद पडलेलं मशीन त्याने एकही पाहिलं नव्हतं. पण डॉक्टरांपुढे काय बोलणार? मान हलवून घरी आला.

त्या दिवसापासून एक भीती त्याच्या घरात राहायला आली. बायकोची फुप्फुसं तशी, मग मुलीचं काय? मुलगी सतराची. तान्ही असताना भोकाड पसरायची तर अख्खी इमारत जागी व्हायची, म्हणून आईने तिला पिपाणी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. पिपाणी जिना चढून आली की मिस्त्री हातातलं काम थांबवायचा. धापा टाकते का, हे ऐकायचा. तिला साधा ठसका लागला तरी हा पाण्याचा पेला घेऊन उभा.

चौदा महिन्यांनी पिपाणीने जेवताना सांगितलं, "बाबा, मला सॅक्सोफोनची शिकवणी लावायची आहे."

मिस्त्रीने हातातला घास ताटात ठेवला. पलंगाखाली काळ्या पेटीत बायकोचा सॅक्सोफोन होता. ती टपाल कचेरीत काउंटरवर बसायची आणि घरी आली की तासभर वाजवायची. वाद्य जुन्या बाजारातलं, शिक्षण पुस्तकातलं. दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी तिने तो पेटीत ठेवला, तो तसाच होता. मिस्त्रीने पेटीला हात लावला नव्हता. तिने ठेवलेली एकच वस्तू घरात जशीच्या तशी उरली होती.

"फुंकून वाजवायचं वाद्य कशाला?" तो म्हणाला. "तबला शीक. गिटार शीक."

"आणि आईचा सॅक्सोफोन भंगारात घालू?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्री शिक्षक शोधायला निघाला.

पहिला फोनवरच सुरू झाला, "तीन महिन्यांत पार्टीत वाजवायला उभी करतो, लिहून घ्या." मिस्त्रीने लिहून न घेता फोन ठेवला. दुसऱ्याच्या खोलीत चारी भिंतींवर त्याचेच फोटो. त्याने अर्धा तास स्वतः वाजवलं आणि घाम पुसत विचारलं, "कळलं?" पिपाणी म्हणाली, "कळलं. तुम्हाला छान येतं."

तिसऱ्या म्हणजे बाई. साठी उलटलेली, चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या, तीस वर्षं मोठ्या वाद्यवृंदात वाजवून निवृत्त झालेल्या. त्यांनी आधी मिस्त्रीलाच निरखलं.

"तुम्ही काय करता?"

"मशीनं दुरुस्त करतो. शिलाईची."

"मग मिस्त्री, तुम्ही बसलात तरी चालेल. पण चेहरा सांभाळायचा. पालकांचे चेहरे बघून पोरांचा सूर हलतो. आणि पहिले काही आठवडे वाद्य घरीच राहू दे."

"वाद्याशिवाय काय शिकवणार?" पिपाणीने विचारलं.

"श्वास. तुला वाटतं तुला घेता येतो. सगळ्यांनाच वाटतं."

बाईंनी वहीचा कागद फाडून एक पट्टी केली, पिपाणीच्या नाकासमोर भिंतीला टेकवली आणि बोट काढून घेतलं. "फुंकरीने धरून ठेव. पडू द्यायची नाही." पिपाणी फुंकत राहिली. पट्टी भिंतीला चिकटून थरथरली आणि खाली पडली.

"अठरा सेकंद. बरं आहे."

"अठरा म्हणजे चांगलं की वाईट?" मिस्त्री स्टुलावरून अर्धा उठला होता.

"शिकवणी हिची की तुमची? बसा."

बाईंची पद्धत अशीच होती. दर खेपेला आधी पट्टी, मग आरशासमोर ओठांची ठेवण, मग नुसतं गाऊन स्वर ओळखायचा. वाजवण्याचं नाव नाही. प्रत्येक खेपेचा आकडा त्या भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहायच्या. दुसऱ्या आठवड्यात सतरा आले. तिसऱ्यात पंधरा. चौथ्या आठवड्यात पट्टी तेराला पडली आणि पिपाणीला खोकला आला, कोरडा, आतून खरवडल्यासारखा. मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत राहिला. हा खोकला त्याने दोन वर्षं रोज ऐकला होता. पलीकडच्या उशीवरून.

"हवा बदललीय," पिपाणी म्हणाली. "बाबा, असं बघू नकोस. मी काही मरत नाहीये."

बाई पाटीकडे बघत होत्या. "इतक्या वर्षांत आकडा चढताना पाहिला, अडून बसलेलाही पाहिला. उतरताना पाहिला नाही." मग म्हणाल्या, "उद्या वाद्य घेऊन या."

दुसऱ्या दिवशी पिपाणीने बाईंच्या टेबलावर पेटी उघडली. मिस्त्रीने तिकडे मान वळवली. बायको गेल्यापासून तो पेटीत पहिल्यांदाच बघणार होता, आणि बघण्याआधी त्याला वास आला. ओल्या तळघराचा असतो तसा. बाईंनी तोंडाकडचा भाग उचलला. तिथली वेताची पातळ पट्टी, जिला रीड म्हणतात, ती अजून लावलेलीच होती, कडेने काळी पडलेली. मग सॅक्सोफोनची वाकडी मान काढून त्यांनी तिच्यात बॅटरीचा उजेड टाकला. एक डोळा मिटून आत पाहिलं. मान खाली ठेवली, पेटी बंद केली, दोन्ही खिडक्या उघडल्या.

"जा, साबणाने हात धू. चुळा भर. सावकाश ये." पिपाणी आत गेली तशा त्या मिस्त्रीजवळ आल्या. "हिच्या आईला काय झालं होतं?"

"फुप्फुसं. कारण सापडलं नाही."

"हे आतून पुसायच्या का त्या?"

"आतून?" मिस्त्री म्हणाला. "बाहेरून पुसायची. पितळ चकचकीत असायचं."

बाई म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही. आमच्यात एक वादक होता. दोन वर्षं खोकत होता. शेवटी एका डॉक्टरने त्याला वाद्य घेऊन बोलावलं. आत बुरशी धरलेली. वाजवताना श्वास घेतला की तीच आत जायची. वाजवून झालं की कापड ओढून आतलं पाणी टिपायचं आणि रीड काढून वाळवायची, हे मी पहिल्या दिवशी सांगते. हिला मी वाद्य घरीच ठेवायला सांगितलं, म्हणून या वेळी राहिलं. माझंच चुकलं."

मिस्त्री ऐकत होता पण त्याला दुसरंच दिसत होतं. बायको बहिणीकडे पंधरा दिवस राहायला गेली की तिचा खोकला थांबायचा. परत आली की आठवड्यात सुरू. तो हसून म्हणायचा, "बहिणीकडचं पाणी मानवतं तुला, माझं नाही." सॅक्सोफोन बहिणीकडे जात नसे. आणि आणखी एक आठवलं. ती म्हणाली होती, कुणाकडे तरी नीट शिकायला हवं. त्यावर हा म्हणाला होता, "शिकवणी कशाला? येतंय की तुला. मला तर आवडतं." कौतुक म्हणून म्हणाला होता. ती खूश झाली आणि शिक्षकाचा विषय संपला. सुईखालचा कचरा महिनाभर काढला नाही म्हणून गिऱ्हाइकांना झापणारा माणूस, त्याच्या घरात हे.

पिपाणी पदराला हात पुसावेत तसे ओढणीला हात पुसत बाहेर आली.

बाईंनी विचारलं, "खरं सांग. किती दिवस वाजवते आहेस?"

पिपाणीने बापाकडे पाहिलं. "वर्ष झालं. बाबा कामाला गेला की. पेटी पुन्हा होती तशी ठेवायचे, त्याला कळू नये म्हणून."

"रीड हीच?"

"आईची होती. बदलली तर आईची खूण गेली असती ना."

मिस्त्रीने पेटीकडे पाहिलं. त्याने आठवण म्हणून पुसलं नव्हतं, तिने आठवण म्हणून बदललं नव्हतं. दोघांनी मिळून ते विष नीट जपलं होतं.

छातीच्या डॉक्टरांकडे पिपाणीला एका नळीत जोराने फुंकायला लावलं. आकडा वयाच्या मानाने कमी निघाला. रक्त घेतलं. सॅक्सोफोनच्या मानेतली बुरशी कापसाच्या काडीने खरवडून बाटलीत भरली. डॉक्टर म्हणाल्या, "सहा आठवडे त्या वाद्याजवळ जायचं नाही. कशातही फुंकायचं नाही. मग बघू." पिपाणी म्हणाली, "चहासुद्धा नाही?" डॉक्टर हसल्या. मिस्त्रीला हसायचं कसं ते आठवेना.

ते सहा आठवडे जीव टांगणीला लागला. शिकवणी मात्र बाईंनी थांबवली नाही. त्यांनी स्वतःचा सॅक्सोफोन पिपाणीच्या मांडीवर दिला, तोंडाकडचा भाग काढून. नुसती बोटं चालवायची आणि स्वर गुणगुणायचा. खोलीत बटणांची टकटक आणि पोरीचं हळू गाणं. मिस्त्री स्टुलावर बसून खोकल्याची वाट बघायचा. पहिल्या आठवड्यात चारदा आला. दुसऱ्यात दोनदा. चौथ्यात आलाच नाही. घरी पिपाणी जिना दोन-दोन पायऱ्या चढू लागली.

बाप म्हणून त्याला पेढे वाटावेसे वाटायला हवे होते. पण खोकला जसा कमी होत गेला तशी त्याची झोप कमी होत गेली. पोरगी वाद्यापासून दूर राहून बरी होत होती. म्हणजे तिची आईही झाली असती.

सहा आठवड्यांनी नळीतला आकडा वर आला. बुरशी सापडली होती आणि रक्तात तिची खूणही. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाल्या. "स्वच्छ वाद्य, रोज पुसायचं, दर तीन महिन्यांनी तपासणी. हळूहळू वाजवू दे." मग फाइल मिटत म्हणाल्या, "आईचं कारण नक्की करायचं असेल तर त्या दवाखान्यात कागद असतील, फुप्फुसाचा तपासलेला नमुनाही जपलेला असेल. अर्ज केलात की देतात. हिचा उपचार त्यावाचून अडत नाही. तुम्ही ठरवा."

बाहेर आल्यावर पिपाणीने त्याचा हात धरला. "बाबा, आई मावशीकडे गेली की बरी असायची ना?"

"आठवत नाही," मिस्त्री म्हणाला.

"मला आठवतं."

ती हात न सोडता चालू लागली.

आता पिपाणी आठवड्यातून दोनदा बाईंकडे जाते, त्यांच्या जुन्या सॅक्सोफोनवर एकच स्वर लांबवते, उठण्याआधी कापड ओढून नळी कोरडी करते. काल पट्टी तेवीस सेकंद टिकली. मिस्त्री अजूनही स्टुलावर बसतो आणि अजूनही मोजतो. बायकोचा सॅक्सोफोन डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवला आहे. त्याचं काय करायचं हे ठरलेलं नाही. दवाखान्याचा अर्ज भरून झाला आहे, सही केलेली नाही. पिपाणीला त्याने खरं उत्तर दिलेलं नाही.