निर्भय महाराजांचा पिवळा फडका

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. धुणाऱ्या बाया, इस्त्रीवाले, सगळे माना उंचावून उभे. आणि धुतलेल्या चादरींच्या ढिगावर मांडी ठोकून बसले होते निर्भय महाराज! समोर ओला पिवळा फडका.

"ज्याच्या अंगात भयपिशाच्च, त्याचा हात इथे रक्त ओकेल!"

इस्त्रीवाल्यांनी हात दाबले. काही नाही. मग धुणाऱ्या बायांमधल्या वहिनीने दाबला, तर पाचही बोटं लालभडक उमटली!

"अगं बाई!" सगळ्यांची बोबडीच वळली.

मालक मात्र खूश. बॉयलरचा वाल्व गळतोय, मला भीती वाटते, मी त्या खोलीत जाणार नाही, असं वहिनी आठवडाभर सांगत होती. नवा वाल्व आणण्यापेक्षा महाराज आणणं सोपं.

"हिला बॉयलरजवळ एकटीला बसवा," महाराजांनी डोळे मिटून फर्मावलं. "भय जळून जाईल."

वहिनीला घरी न्यायला आलेली नणंद दारातच उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची, आणि असले भामटे दिसले की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"वहिनी, जागची हलू नकोस."

"वन्सं, खरंच असेल का हो माझ्यात काही?" वहिनी रडवेली झाली.

"आहे ना, अक्कल आहे. तीच खुपतेय यांना. मालक, कपडे भिजवलेल्या या टबात हात बुडवा, आणि ठेवा फडक्यावर. की घाबरलात?"

मालकाने चिडून हात ठेवला. लाल! मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"फडक्याला हळद, टबात धुण्याचा सोडा. हळदीला सोडा लागला की ती लाल होते. या बायांचे हात दिवसभर सोड्यात, इस्त्रीवाल्यांचे कोरडे. संपलं तुमचं पिशाच्च!"

वहिनीने हात स्वच्छ धुऊन पुसले आणि फडक्याच्या कोऱ्या कोपऱ्यावर दाबले. पिवळा तो पिवळाच.

"ही... ही लीला आहे!" महाराज चाचरले.

"असेल. मग बॉयलरजवळ तुम्हीच बसा की! नावच निर्भय."

तिने बॉयलरच्या खोलीचं दार उघडलं. फुस्सकन वाफेचा लोट आला, तसे महाराज धोतर सावरत मागे सरले. "नको हो बाई, मला भीती वाटते!"

सगळे खो खो हसले. वहिनी हसली नाही. "कशाची?" तिने विचारलं.

"अहो, तो वाल्व गळतोय ना!"

"मालक," वहिनी म्हणाली, "मी आठवडाभर दुसरं काय सांगत होते?"

मालकाने खाली मान घालून बॉयलर बंद केला आणि मिस्त्रीला फोन लावला. तेव्हा मंडळी, कुणी 'मला भीती वाटते' म्हणालं, तर त्याच्या अंगात भूत शोधत बसू नका. कशाची वाटते ते विचारा, आणि ती गोष्ट स्वतः जाऊन बघा.