बंद दिवस, उघडा दिवस

पलंगाच्या उशाशी भिंतीत त्याने दोन ठोक्यांत खिळा मारला आणि त्यावर तापमापक टांगला. ताटलीएवढी गोल तबकडी, आत दोन काटे. काळा काटा आत्ताचं तापमान दाखवायचा. लाल काटा काळ्याने ढकलला की पुढे सरकायचा आणि तिथेच थांबायचा, काळा मागे आला तरी. म्हणजे दिवसभरात खोली जास्तीत जास्त किती तापली, ते संध्याकाळी घरी आल्यावरही कळणार होतं. शीतगृहात अशा सहा तबकड्या होत्या. ही सातवी कपाटात पडून होती, ती त्याने विचारून आणली होती.

सून दारात उभी होती. तिच्या हातात पिळलेली ओली चादर होती.

"आज खिडक्या बंद," तो म्हणाला. "उद्या उघड्या. परवा परत बंद. मी सांगतो तसं. तू कशाला हात लावायचा नाहीस."

"चादर पण नको?"

"काहीच नको."

"कशासाठी हे, बाबा?"

"बघायचंय."

तिने तबकडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चादर तशीच घेऊन ती मोरीकडे गेली. ती काही बोलत नाही, हेच त्याला वर्षभर खटकत होतं. ज्याचं काही चुकलेलं नसतं तो माणूस भांडतो, असं त्याचं मत होतं. ही कधी भांडली नव्हती.

मागच्या वर्षी याच दिवसांत त्याची बायको या खोलीत वारली. तीन दिवस अंगात ताप होता. चौथ्या दिवशी दुपारी सुनेचा शीतगृहात फोन आला. आईंना जास्त वाटतंय, डॉक्टरांना बोलावलंय, तुम्ही या. तो कामाच्या कपड्यांतच निघाला. एक वाजता घरी पोहोचला तेव्हा खोलीत अंधार होता. तिन्ही लाकडी खिडक्या लावलेल्या, फटींना आतून पुठ्ठे, मधल्या खिडकीवर ओली चादर ताणून बांधलेली, पंख्यापुढे पाण्याची परात. आणि त्या अंधारात ती डोळे मिटून पडलेली.

"गुदमरवून मारायचंय का तिला?" तो ओरडला होता. त्याने चादर ओढून काढली, पुठ्ठे फाडले, तिन्ही खिडक्या सताड उघडल्या. सून मध्ये आली तेव्हा तिला हाताने बाजूला सारलं. मग तो बायकोचा हात धरून बसला. डॉक्टर आले, सुई देऊन गेले. चारच्या सुमारास ती गेली. डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं. त्याने मनात खिडक्या लिहिल्या.

"आई रोजच असं करायच्या," सुनेने नंतर एकदाच सांगितलं होतं. "सकाळी नऊला सगळं बंद. ऊन उतरलं की उघडायचं. स्लॅबवर चुना पण त्यांनीच लावून घेतला. मला त्यांनीच शिकवलं सगळं."

साक्ष द्यायला बायको राहिली नव्हती. तो एकतीस वर्षं शीतगृहात यंत्रावर होता. उन्हाळा हाच तिथला हंगाम, चार महिने सुट्टी म्हणून नसायची. सकाळी सातला निघायचं, संध्याकाळी सातनंतर परतायचं. निघताना खिडक्या उघड्या असायच्या, परतताना उघड्या असायच्या. दुपारचं आपलं घर त्याने त्या एका दिवसाआधी पाहिलंच नव्हतं. आणि शीतगृहात दार बंद ठेवतात ते आत यंत्र असतं म्हणून. यंत्राशिवाय बंद खोली म्हणजे भट्टी. एवढं तर कुणालाही कळतं.

मुलगा लांब पल्ल्याच्या गाडीवर चालक होता, आठवड्यातून दोन दिवस घरी असायचा. त्याच्याजवळ तो एकदा बोलला होता.

"तिने मुद्दाम केलं असं म्हणायचंय का तुम्हाला?" मुलाने विचारलं.

"मी मुद्दाम म्हणालो का?"

"मग काय म्हणताय?"

"काही नाही. तू जेव."

त्यानंतर मुलगा बायकोशी कामापुरतंच बोलायला लागला. ते त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याने त्यावर काही केलं नव्हतं. खरं काय ते एकदा आकड्यात दिसलं की सगळंच मिटेल, असं त्याने ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी खिडक्या बंद. संध्याकाळी लाल काटा एकोणचाळीसवर होता. दुसऱ्या दिवशी उघड्या. एकोणचाळीस. तिसऱ्या दिवशी बंद. एकोणचाळीसच. चौथ्या दिवशी उघड्या, चाळीसला एक रेघ कमी. रोज त्याने आकडा मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिला, बटण फिरवून लाल काटा खाली आणला, आणि त्याचं समाधान होईना.

पाचव्या दिवशी सकाळी त्याने स्वतः तिन्ही खिडक्या लावल्या, कड्या ओढून पाहिल्या आणि कामावर गेला. शीतगृहात माल चढत होता. हमालांनी दोन नंबरच्या खोलीचं दार पुन्हा उघडं टाकलं होतं.

"दार!" तो ओरडला. "दार कोण लावणार, तुझा सासरा?"

"तुम्हीच की काका," पोतं खांद्यावर असलेला हमाल म्हणाला. "आमच्यात सासरे तुम्ही एकटेच."

सगळे हसले. त्याने दार ओढून घेतलं आणि फिटरच्या शेजारी जाऊन बसला. फिटर त्याच्याच वयाचा होता, हाताला कायम ग्रीस. त्याला त्याने आकडे सांगितले. कशासाठी ते सांगितलं नाही.

"घरात काय मासे ठेवलेत का तू?" फिटर म्हणाला.

"सांग ना. बंद खोली आणि उघडी खोली, दोन्हीत सारखाच आकडा. तबकडी बिघडली असेल?"

"तबकडी बाहेर लावून बघितलीस?"

"बघितली. बरोबर दाखवते."

"मग सोपं आहे. बंद खोली बंद नाही. तुझी पाठ वळली की कुणीतरी दार उघडतंय." फिटरने हात चिंधीला पुसले. "इथे एकतीस वर्षं दुसरं काय बघितलंस तू?"

तो उठून उभा राहिला. आतून काहीतरी जागेवर बसल्यासारखं त्याला वाटलं. बंद खोलीचा आकडा चढू नये म्हणून ती खिडक्या उघडत होती. वारा आत घेत होती. म्हणजे बंद खोलीने काय होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

साडेअकराला त्याने यंत्र फिटरच्या हवाली केलं. एकतीस वर्षांत दुसऱ्यांदा.

रस्ता पांढरा पडला होता. दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या, कुत्री गाड्यांच्या खाली. तो समोरच्या इमारतीच्या सावलीत उभा राहिला आणि आपल्या दुसऱ्या मजल्याकडे पाहू लागला. तिन्ही खिडक्या बंद होत्या. घाम मानेवरून सदऱ्यात उतरत होता. पाऊण तास गेला. आपलं काही चुकतंय की काय, असं त्याला वाटायला लागलं तेवढ्यात मधली खिडकी आतून ढकलली गेली. हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला, खिडकीचं दार भिंतीला टेकवून आत गेला.

तो जिना दोन दोन पायऱ्यांनी चढला. बाहेरच्या दाराची किल्ली त्याच्याजवळ होती. चपला न काढताच तो खोलीच्या उंबऱ्यात जाऊन उभा राहिला.

सून दुसऱ्या खिडकीची कडी काढत होती. ती दचकली, पण हात मागे घेतला नाही.

"सापडलीस," तो म्हणाला.

तो आत आला. उन्हातून आलेल्या त्याच्या अंगाला आधी गार लागलं, माठाजवळ बसल्यासारखं. मग मधल्या खिडकीतून वारा आला आणि तोंडावर भट्टीचं झाकण काढावं तशी झळ लागली.

त्याने तबकडीकडे पाहिलं. ती खोटं बोलणार नव्हती. काळा काटा तेहतिसावर होता, लाल त्याला चिकटून. तो बघत असतानाच काळा हलला. चौतीस. लाल काटा त्याच्या पुढे ढकलला गेला.

"हे आत्ताच उघडलंस?"

"हो."

"आणि सकाळपासून बंद होतं?"

"तुम्ही लावून गेलात तसंच होतं."

पस्तीस. तो तबकडीजवळ गेला, काचेवर बोटाने टकटक केलं. यंत्रावर आकडा पटला नाही की तो तसंच करायचा. काटा मागे आला नाही.

"रोज उघडायचीस? बंदच्या दिवशी?"

"दीड तास. मग परत लावायची."

"का?"

तिने कडीवरचा हात काढला आणि पदराला पुसला. "डॉक्टरांनी सांगितलंय ना, बाबा. हृदय होतं त्यांचं. खिडकीचा काही संबंध नाही. बंद काय, उघडी काय, सारखंच."

"मी खिडकीचं काही विचारलं नाही तुला."

ती खाली पाहू लागली. ही वाक्यं तिने आधीच जुळवून ठेवली होती, आणि ती त्याच्यासाठी नव्हे तर त्याच्यापासून काहीतरी लांब ठेवण्यासाठी जुळवली होती, हे त्याला आत्ता कळत होतं. छत्तीस. वारा पलंगावरची चादर हलवत होता. त्या दिवशीही अशीच हलत होती. एक वाजल्यापासून चार वाजेपर्यंत. तो शेजारीच बसला होता, आता तिला मोकळा श्वास घेता येईल म्हणत.

"तू मध्ये आली होतीस," तो म्हणाला. "मी ढकललं तुला."

"लागलं नव्हतं," ती म्हणाली.

खाली कुणीतरी फळी लावल्याचा आवाज आला. ती वाट पाहत उभी होती. तो ओरडेल, की रडेल, की नेहमीसारखा निघून जाईल, तिला समजत नव्हतं. तो तिच्याजवळून पुढे गेला, मधल्या खिडकीचं दार ओढून घेतलं आणि कडी लावली. खोलीत अंधार झाला. काटे दिसेनासे झाले.

"बाबा," ती अंधारातून म्हणाली. "यांना सांगू नका काही. त्यांना सहन व्हायचं नाही. दोषी म्हणून त्यांना मी चालेन, तुम्ही नाही."

तो खिडकीकडेच तोंड करून उभा राहिला. कडी नीट बसली होती, पण तिच्यावरचा हात त्याला काढता येईना.