दोन टक म्हणजे थांब

यादवरावांनी उभ्या आयुष्यात एकच हट्टाची खरेदी केली, आणि तीही चुकीची. निवृत्तीनंतर त्यांना फिफ्थ व्हील घ्यायचं होतं. फिफ्थ व्हील म्हणजे कॅरॅव्हॅनच, पण भलीमोठी. तिची मान ट्रकच्या शेपटीला अडकत नाही, थेट ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या लोखंडी बैठकीवर टेकते. त्यासाठी हौदा चांगला लांब लागतो. यादवरावांनी घेतला आखूड हौद्याचा पिकअप, कारण लांब हौद्याचा त्यांच्या नॉटिंगहॅमच्या घरासमोर मावत नव्हता. आखूड हौद्यात वळण जरा जास्त झालं की कॅरॅव्हॅनचा कोपरा सरळ केबिनच्या मागच्या काचेवर चाल करून येतो. विकणाऱ्यानं हे तीनदा सांगितलं होतं. यादवरावांनी तीनदा मान हलवली होती.

उपाय म्हणून त्यांनी सरकती बैठक बसवून घेतली. अवघड वळण आलं की खाली उतरायचं, पिन काढायची, बैठक मागे सरकवायची, पिन पुन्हा घालायची. एवढं करूनही काच आणि कोपरा यांच्यात वीतभरच जागा उरायची. त्या वीतभर जागेवर नजर ठेवायचं काम लताबाईंचं.

लताबाई चार फूट दहा इंच. ट्रकच्या बाजूला उभं राहून त्यांचा हात काही काचेपर्यंत पोचायचा नाही. मग त्यांनी स्वयंपाकातलं लाकडी उलथनं आणलं. हौद्यावरून ते लांब करायच्या आणि काचेच्या कोपऱ्यावर वाजवायच्या. एक टक म्हणजे ये. दोन टक म्हणजे थांब. आपला नवरा आरशात बघण्यापेक्षा कानानं बरा चालतो, असं त्या शेजारच्या कॅरॅव्हॅनवाल्यांना सांगायच्या आणि तिथेच गप्पांत रमायच्या. यादवराव आत बसून चरफडत राहायचे. चार उन्हाळे असे मजेत गेले.

मागच्या जूनमध्ये लताबाई गेल्या, आता वर्ष होईल. आणि यंदाच्या मार्चपासून ट्रकमध्ये आवाज यायला लागला. ब्रेक दाबला की पाठीमागे टक टक. बरोबर दोनदा.

दुसरा कोणी असता तर हबकला असता. यादवराव खडकीच्या फॅक्टरीत अप्रेंटिस केलेले, पुढे तीस वर्षं नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलांतली यंत्रं सांभाळलेले. विहारात दर वर्षी अंधश्रद्धेवर तासभर बोलायचे. भूत नाही, आत्मा नाही, कारणाशिवाय काही घडत नाही, हे त्यांचं ठरलेलं. त्यांनी टॉर्च घेतला, हौद्यात शिरले आणि पाच मिनिटांत कारण शोधलं. सरकत्या बैठकीची पिन झिजली होती. ब्रेक लागला की बैठक पुढे आपटायची, मग मागे आपटायची. दुसऱ्याच दिवशी ते नवी पिन घेऊन आले.

ती पिन त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आणि बसवली नाही.

आज मे महिन्यातला शनिवार. यादवराव आणि त्यांची मुलगी दीक्षा गाडी घेऊन कार्डिफला निघाले होते. तिथले त्यांचे स्नेही धम्मदीप ती कॅरॅव्हॅन घेऊन तिच्यात फिरतं वाचनालय काढणार होते. म्हणजे हा शेवटचा प्रवास, आणि कार्डिफ यायच्या आत यादवरावांना मुलीला एक गोष्ट सांगायची होती. वर्षभर सांगायची होती. विहारात पंचशील म्हणवून घेणारा हा माणूस वर्षभर माईक दुसऱ्याच्या हातात देत होता. चौथं शील खोटं न बोलण्याचं, आणि तिथे आला की त्यांचा आवाजच फुटेना.

दीक्षा चौतीस वर्षांची, फार्मसिस्ट, जन्मापासून नॉटिंगहॅमची. सकाळपासून ती बापाचं वागणं बघत होती. मोटरवेवरच्या थांब्याला, सर्व्हिसेसला, वळताना टक टक झालं. यादवरावांनी गाडी उभी केली, घाईघाईनं उतरले, मागे गेले, परत आले. राउंडअबाउटला टक टक झालं. पुढची जागा मिळताच पुन्हा उतरले. सत्तरीला टेकलेला माणूस, गुडघे बोलतात, पण उतरायची घाई अशी की सीटबेल्ट पायात अडकून पडायचे राहिले.

मॉनमथच्या अलीकडे चौथ्यांदा थांबले तेव्हा तिनंही दार उघडलं.

यादवराव केबिनच्या मागे उभे होते, एक हात हौद्यावर. ते काचेकडे बघत नव्हते आणि बैठकीकडेही बघत नव्हते. खाली गवताकडे बघत होते. तिथे काही नव्हतं. तरी ते असे बघत होते की दीक्षाच्या अंगावर काटा आला.

"बाबा, धिस इज द फोर्थ टाइम. तुम्ही काय शोधतो?"

"काही नाही. बस आत."

तिनं ऐकलं नाही. चाकावर पाय देऊन ती हौद्यात वाकली, बैठकीजवळ हात घातला आणि पिन धरून हलवली. टक टक.

"हा पिन लूज आहे. टोटली वॉर्न."

"माहीत आहे."

"माहीत आहे? सिन्स व्हेन?"

"मार्चपासून. नवी पिन पुढच्या कप्प्यात आहे."

दीक्षा खाली उतरली. तिचा चेहरा लाल झाला होता. "बाबा, मोटरवेवर हा पिन निघाला असता तर कॅरॅव्हॅन आपल्या डोक्यात आला असता. तुम्हाला कळतं ना? तुम्ही एवढा केअरफुल माणूस. का नाही लावला?"

यादवराव म्हणाले, "ती लावली की आवाज बंद होईल."

मग त्यांनी सांगितलं. लताबाई गेल्या त्या सकाळी ते गाडी मागे घेत होते. जागा अरुंद, त्यात सावकाश घ्या, सावकाश घ्या असं लताबाईंनी दोनदा म्हटलेलं, म्हणून यादवराव फुगलेले. मागे टक टक झालं. त्यांनी ब्रेक दाबला आणि पुढच्या एका टकची वाट बघत बसले. ती टक आलीच नाही. त्यांना वाटलं, भेटली असेल कोणी, बसली असेल बोलत. हॉर्न दिला. रेडिओ लावला. उतरून बघावं असं मनात आलं, पण रागानं उतरले नाहीत.

"मी डॉक्टरांना सांगितलं, लगेच उतरलो. तुलाही तेच सांगितलं. ते खोटं होतं, दीक्षा. ती छाती धरून हौद्याशी खाली पडली होती, इथे, अशी. आणि मी आत बसलो होतो. तिनं थांब म्हटलं, आणि मी थांबून राहिलो."

"किती वेळ?"

"नऊ मिनिटं. रेडिओवर बातम्या सुरू झाल्या होत्या. हवामान संपलं तेव्हा मी उतरलो."

गाड्या जात होत्या. दीक्षानं बापाला जवळ घेतलं नाही आणि असू दे बाबा असंही म्हटलं नाही. फार्मसिस्ट होती, नऊ मिनिटं म्हणजे काय हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती पुढे गेली, कप्प्यातून नवी पिन काढली, बैठकीत बसवली आणि हातोडीनं ठोकली. गरजेपेक्षा बरीच जास्त ठोकली. मग केबिनमध्ये बसून तिनं बेल्ट लावला.

त्यानंतर ब्रेक लागत राहिले आणि मागून काही वाजलं नाही. इतकी वाईट शांतता यादवरावांनी त्या गाडीत कधी अनुभवली नव्हती. न्यूपोर्टपाशी दीक्षा एकदाच बोलली, रस्त्याकडे बघत. "आईचा आठवण मला पण येतो. तुम्ही एकटा एवढे दिवस..." पुढचं तिनं गिळलं.

धम्मदीप कार्डिफच्या बाहेर एका गल्लीत राहायचे. गल्ली एवढीशी, फाटक काटकोनात. खुद्द धम्मदीप संध्याकाळपर्यंत येणार नव्हते, फाटक उघडं ठेवून गेले होते. यादवरावांनी उतरून नवी पिन काढली, बैठक मागे सरकवली, पिन पुन्हा घातली, हलवून पाहिली. जरासुद्धा हलली नाही.

"मी फाटकाचा खांब बघते," दीक्षा म्हणाली. "फोन ऑन ठेवा. मी सांगेन तेव्हाच या."

फोन स्पीकरवर टाकून यादवरावांनी रिव्हर्स टाकला. ट्रक तिरका होत गेला, कॅरॅव्हॅनचा कोपरा काचेकडे सरकत आला. वीत उरली, मग चार बोटं. त्यांनी ब्रेक दाबला. आरशात दीक्षा दिसत होती, दहा पावलांवर, एका हातात फोन, दुसरा हात खांबावर, पाठ ट्रककडे. आणखी मागे घ्यावं तर काच जाईल, पुढे घ्यावं तर भिंत. ते थांबून राहिले. परत तेच, आत बसून वाट बघणं. त्यांनी बेल्ट सोडायला हात नेला.

मागच्या काचेवर वाजलं. टक.

एकदाच.

यादवरावांचा हात बेल्टवरच राहिला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाय ब्रेकवरून उचलला. कोपरा काचेजवळून दोन बोटांवरून गेला, सरळ झाला, आणि कॅरॅव्हॅन फाटकातून अलगद आत गेली.

दीक्षा धावत दाराशी आली. तिला धाप लागली होती. "बाबा, मी ये म्हटलाच नव्हता. मी खांब बघत होते."

"हो."

ती थोडी घुटमळली. "दोन वाजले म्हणजे थांब. तुम्ही सांगितला. मग यायचं असेल तर आई किती वाजवायची?"

"एक."

दीक्षानं हातातल्या फोनकडे पाहिलं, मग काचेकडे पाहिलं. "मघाशी फोनमध्ये एक वाजला," ती हळूच म्हणाली. "मला वाटला, तुम्ही वाजवला."

यादवरावांनी हँडब्रेक ओढला. मागे पिन घट्ट होती, उलथनं कॅरॅव्हॅनच्या खणात कुलपाआड होतं. जन्मभर कारण शोधत आलेला तो माणूस त्या दिवशी कारण बघायला खाली उतरला नाही. मुलीनं खिडकीतून आत हात घातला, तो धरून बसून राहिला.