पुठ्ठ्यामागचा फासा

माझ्या वीस बाजूंच्या फाशाचा एक कोपरा झिजलाय, विसाच्या आकड्याजवळचा. त्यामुळे फासा पक्षपात करतो का, हे मी एकदा मोजून पाहिलं. पाचशे वेळा टाकला. विसाचा आकडा सव्वीस वेळा आला. अपेक्षा पंचविसाची होती. फाशात खोट नव्हती.

खोट माझ्यात होती. आठवडाभर मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत आकडे लिहिते. आणि महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, ताईच्या जेवणाच्या टेबलावर, उभ्या पुठ्ठ्याआड फासा टाकून धडधडीत खोटं बोलते.

खेळ असा: प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. गोष्ट मी सांगते, आपलं पात्र काय करणार ते खेळणारे सांगतात, आणि ते जमलं का हे फासा ठरवतो. राक्षसाचा फासा मी टाकते. आकडा मोठा आला की वार बसतो. चार वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी, ताईची चेटकीण मरायला टेकली तेव्हा ताई खुर्ची सरकवून उठली. मी एकोणीसचे चार केले. ती परत बसली. तेव्हापासून इथे कोणी मेलेलं नाही, आणि मरत नाही म्हणून कोणी नियमही वाचत नाही.

हल्ली जिना चढताना मी दर महिन्याला एक वाक्य तोंडात घोळवते. दार उघडलं की गिळते.

"यातला कुठला फासा टाकू गं?" ताईने आजही विचारलं.

"वीसवाला."

"चार वर्षं हेच विचारतेय," भावोजी म्हणाले.

"तुम्ही बोलू नका. तुमच्या योद्ध्याने अजून तलवार उपसलेली नाही."

"तो मागे राहून सल्ला देतो."

"घरच्यासारखंच."

आजच्या गोष्टीतल्या पुलाचा नकाशा काढण्यात माझ्या तीन संध्याकाळी गेल्या होत्या. भावोजींनी नदी पोहून जायचं ठरवलं. मी राक्षसाला मुकाट पुलाखालून काढून पाण्यात आणलं.

आज एक नवे गृहस्थ होते, खालच्या मजल्यावरचे घड्याळजी. नियमांची चाळीस पानं त्यांनी पेन्सिलीने खुणा करत वाचली होती. खुर्ची उरली नव्हती, म्हणून ते स्टूल घेऊन माझ्या बाजूला बसले. पुठ्ठ्याच्या आत.

राक्षसाने चेटकिणीवर वार केला. सतरा. "सहा," मी म्हटलं. "हुकला."

घड्याळजींनी फाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढचा वार त्यांच्या चोरावर होता.

"पाच," मी म्हटलं.

"बाई, अठरा आलेत," ते हळूच म्हणाले. "माझा चोर मेला ना?"

"पहिलाच दिवस आहे तुमचा. वाचवता येईल."

"नको. मेला तर मेला. नाहीतर मी इतका वेळ जपून कशाला पोहत होतो?"

ताई पुठ्ठ्यावरून वाकून फाशाकडे बघत होती.

"माझ्या चेटकिणीलाही असंच वाचवलंस?"

"आजचं धरून दहा वेळा."

"मोजलंस?"

"सवय आहे."

"आणि मला वाटायचं, मला हे जमतंय." ती खुर्चीत मागे टेकली. "का पण?"

"पहिल्या दिवशी तू उठून चालली होतीस."

"चहा टाकायला, गं. तू दुपारपासून बोलत होतीस, घसा बसला होता तुझा."

घसा आजही बसला होता. मी पुठ्ठा मिटला. इतकी वर्षं उभा राहून त्याच्या घड्या ताठ झाल्या होत्या. दोनदा दाबावा लागला. मग फासा ताईपुढे सरकवला.

"पुढच्या महिन्यापासून हा खेळ मी चालवणार नाही," मी म्हटलं. "मला खेळायचंय."