माझ्या दारात उभी राहणारी आई

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे आणि माझी तब्येत ठणठणीत होती, हे आधीच सांगून ठेवतो. कारखान्यात मला पांढरा रंग आणि एक दिवा मिळाला. तेवढ्या शिक्षणावर मी एका घरात नोकरीला लागलो. पहिल्यांदा बर्फ झाला तेव्हा घरातल्या मुलीने टाळ्या वाजवल्या. असं कौतुक पुन्हा झालं नाही.

मुलगी मोठी होऊन परगावी गेली. उरले आई-बाबा. आई कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहून गिऱ्हाइकांना माल दाखवायची. पन्नाशीच्या आसपास तिला एक सवय लागली. घरी आली की माझं दार उघडायचं, वरच्या कप्प्यातलं दूध बाजूला सारायचं आणि तिथे डोकं ठेवायचं. डोकं असं तापलेलं असायचं की दूध उतू जाईल अशी मला धास्ती वाटे. घटकाभराने तीच बाई शाल पांघरून कुडकुडत बसे.

याला रजोनिवृत्ती म्हणतात, हे मला भाजीच्या कप्प्यात अंथरलेल्या वर्तमानपत्रावरून कळलं. पाळी थांबायच्या सुमारास अंगातून वाफा निघतात, झोप उडते, छाती धडधडते, उगाच रडू येतं, पुढे हाडंही ठिसूळ होऊ लागतात. ‘उपाय’ या मथळ्याखालचा मजकूर काकड्यांच्या पाण्याने विरघळला होता. माझं ज्ञान तिथेच संपलं.

“मला डॉक्टरकडे जायचंय,” आई एकदा माझ्या आतूनच म्हणाली.

“आधी दार लाव. गारवा बाहेर जातोय,” बाबा म्हणाले.

“अहो, छाती धडधडते. झोप म्हणून लागत नाही.”

“मग मला तरी कुठे लागते? तू सारखी उठतेस ना!”

रविवारी बाबांची बहीण आली. “आम्हालाही झालं होतं हे, वहिनी. आम्ही नाही कुठे डोकी घातली.”

“तुमच्याकडे फ्रिज नव्हता, ताई.”

ताई चहा न घेताच गेल्या.

मग दूध नासू लागलं. तेव्हा मात्र बाबा हादरले. त्यांनी ताबडतोब तज्ज्ञाला बोलावलं. माझ्यासाठी. मेकॅनिकने मला भिंतीपासून ओढलं, पाठ तपासली, पोटाशी कान लावला. आई शेजारी घाम पुसत उभी होती.

“कधीपासून त्रास आहे?” त्याने विचारलं.

“वर्ष झालं,” आई म्हणाली.

“अगं, फ्रिजला,” बाबा म्हणाले.

मेकॅनिक म्हणाला, “याला काहीही झालेलं नाही. दार उघडं राहतंय, बस.”

“मग बदलूनच टाकू,” बाबा म्हणाले. घरात आजाराकडे दुर्लक्ष केलेलं त्यांना चालत नसे.

नवा फ्रिज आला. मला उचलून नेत होते तेव्हा बाबा आईला त्याची खासियत समजावत होते. दार जरा वेळ उघडं राहिलं की तो किंचाळतो. आईने दार उघडलं, डोकं आत नेलं, डोळे मिटले. तो किंचाळला. बाबा खूश होऊन म्हणाले, “बघ, कसा हुशार आहे!” आईने दार लावलं आणि पदराने मान पुसत शेगडीपाशी गेली.

मित्रांनो, ‘फ्रिजची निगा राखा’ असं मी सांगणार होतो, पण आमची निगा लोक राखतातच. कोणी बाई आमच्यात डोकं घालून उभी दिसली, तर मेकॅनिकला बोलावू नका. तिला काय होतंय ते विचारा आणि तिला डॉक्टरकडे न्या. हे मी भंगारवाल्याच्या अंगणातून बोलतोय. समोर दोन वॉशिंग मशीन आणि एक टेबलफॅन आहे. त्यांना माझं म्हणणं लगेच पटलं.