सहावा बोया

बोटीमागच्या दोराच्या टोकाला धरायला असलेल्या दांडीच्या मधोमध, जिथे दोराची गाठ बसते त्याच्या जरा उजवीकडे, लाकडावरचं पॉलिश उडून एक लांबट फिकट डाग पडला होता. पॉलिशपेपरने घासता घासता जगदीशने आपला अंगठा त्या डागावर ठेवून पाहिला. जुळला नाही. त्याचा अंगठा रुंद, इंजिनाचे नट आवळून आवळून चपटा झालेला. डाग मात्र निमुळत्या बोटांचा होता, छापखान्यात शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवणाऱ्या बोटांचा. तीन महिने. तीन महिन्यांत हेरंब या दांडीवर खूण करून बसला, आणि मी नऊ वर्षं ही बोट चालवतो... त्याने पेपर जोरात दाबला. हेरंबच्या तळव्यांना फोड आले होते, आज निदान दांडीची साल तरी हाताला लागू नये, म्हणून तर तो उजाडल्यापासून घासत होता — निदान स्वतःला त्याने तसं सांगितलं होतं. डाग पुसला गेला तेव्हा त्याला जे बरं वाटलं, ते मात्र फोडांबद्दलचं नव्हतं.

क्लबच्या धक्क्याखाली पाणी चढत होतं. साडेआठला भरती पूर्ण होणार, आणि मग ओहोटी लागण्याआधी थोडा वेळ बंदरातलं पाणी ताटात ठेवल्यासारखं स्थिर राहणार. तेवढ्यातच स्पर्धा उरकायची होती. ती वेळही जगदीशनेच काढून दिली होती. समोर दोन रांगांत सहा लाल बोये तरंगत होते, तीन डाव्या हाताला, तीन उजव्या. बोटीने मधून सरळ रेषेत जायचं, आणि मागे दोर धरून एका फळीवर उभ्या असलेल्या माणसाने नागमोडी जात एकेका बोयाला बाहेरून वळसा घालायचा. प्रत्येक फेरीला बोटीचा वेग वाढवायचा. वाढत्या वेगात जो जास्त बोये घेईल तो जिंकला. एवढाच खेळ. पण बोट चालवणाऱ्याला मागे बघता येत नाही. चाकाच्या वर एक पंजाएवढा आरसा असतो, त्यात पाण्याचा फवारा आणि एक ठिपका. नऊ वर्षं जगदीशने हा खेळ पाठीने बघितला होता. माणूस वळला की बोटीचं शेपूट ओढलं जातं, आणि त्या हिसक्यावरून तो सांगू शकत असे — हा घाईत वळला, याने हात वाकवला, हा पुढच्या बोयाला पडणार. आणि तो पडायचाच.

पेस्तनजी साहेब क्लबचे सेक्रेटरी. गेल्या पावसाळ्यात ते धक्क्यावर उभं राहून म्हणाले होते, "चाळीस मेंबर लोकांचा गेम हाय हा, जगदीश. चाळीस म्हातारे झाले की गेम खलास. आता सगळ्या मुंबईला पाण्यावर आणायचं." फी नाही, फळी क्लबची, दर रविवारी शिकवणी, आणि हिवाळ्यात खुली स्पर्धा. कोणीही यावं. चार दिवस जगदीशने ते वाक्य मनात घोळवलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, "साहेब, मी पण नाव देऊ?"

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, तेच तर... "अरे, तू तर क्लबचा माणूस. बोटीचा पगार घेतो तो खेळाडू नाय होत. रूल हाय. तू शिकव नी सगळ्यांना!"

सगळ्या मुंबईला. एक मला सोडून.

मराठी जाहिरात छापून आणायलाही त्यालाच पाठवलं होतं. गिरगावातल्या त्या छापखान्यात मोर्चाच्या पत्रकांचे गठ्ठे छतापर्यंत लागलेले, आणि त्यांच्यामध्ये मांडीवर खिळ्यांची पट्टी घेऊन बसलेला हा काडीसारखा मुलगा — मुलगा कसला, चोवीस वर्षांचा बाप्या. छप्पनच्या संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात दीड महिना आत जाऊन आलेला. जगदीश त्या दिवसांतही ड्यूटीवर होता. चाळीतले लोक लाठ्या खात होते तेव्हा तो कुणाच्या तरी पाहुण्यांना घारापुरी दाखवून आणत होता. हेरंबने कागद वाचला, पुन्हा वाचला. "कोणीही म्हणजे कोणीही?" त्याने विचारलं, आणि मग हसत म्हणाला, "मुंबई तर आता मिळालीच समजा, जगदीशराव. पण मुंबईतला समुद्र कुणाचा, ते कुणी विचारलंच नाही."

हे वाक्य माझं होतं. नऊ वर्षं ते माझ्या आत कुठेतरी पडून होतं, शब्द नसलेलं, आणि याने ते एका क्षणात उचललं आणि ओळीत बसवून टाकलं.

पहिल्या रविवारी तेरा जण आले. लालबागच्या व्यायामशाळेतले दोघे, दादरच्या कॉलेजातल्या दोन मुली, चौपाटीवर पोहणारे काही, आणि हेरंब. तो पहिल्या दिवशी एकवीस वेळा पडला. जगदीशने मोजलं होतं. एकवीस वेळा बोट वळवून तो त्याच्याजवळ गेला, दोर टाकला, आणि प्रत्येक वेळी सांगितलं — हात ओढू नको, दोराला ओढू दे. गुडघ्यात राहा. बोयाकडे बघू नको, त्याच्या पुढच्या पाण्याकडे बघ. हे सगळं तो कुणाकडून शिकला नव्हता, बोटीच्या शेपटाने त्याला शिकवलं होतं. आणि बाविसाव्या वेळी हेरंब उभा राहिला, आणि जगदीशच्या आरशात तो ठिपका सरळ, हलका, पाण्यावर जणू जन्मल्यासारखा सरकू लागला. तेव्हा आनंद झाला होता. झाला होता की... खरंच झाला होता. फक्त त्याच्या खाली आणखी एक काहीतरी हललं, तेलाच्या टाकीत तळाला साचलेलं पाणी हलतं तसं.

"जगदीश, टाइम झाला!" पेस्तनजी साहेब पांढरी टोपी सावरत बोटीत उतरले. पंच म्हणून ते त्याच्या शेजारी, पण मागे तोंड करून बसायचे. धक्क्यावर माणसं जमली होती. इतकी माणसं क्लबने कधी बघितली नसतील. मेंबरांच्या खुर्च्यांच्या मागे छापखान्यातली पोरं, लालबागची माणसं, लेंगे, टोप्या, आणि कठड्याला टेकून हिरव्या लुगड्यातली त्याची बायको, कौसल्या.

नऊ वर्षांत तिने कधी बोट बघायचं नाव काढलं नव्हतं. घोडपदेवच्या त्यांच्या खोलीत हेरंब दोनदा जेवायला आला होता, ब्राह्मणाचा पोर, बांगड्याचं तिखलं बोटं चाटून खाल्लं आणि म्हणाला, "घरी सांगू नका हं, वहिनी!" ती हसली. ते हसणं जगदीशने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. आणि आज पहाटे चुलीपुढून उठत ती म्हणाली होती, "आज मी पण येतंय बघूक."

"काय बघतलंस तू?"

"तुमच्या त्या हेरंबाक. सगळी चाळ बोलता, पाण्यार चलता म्हणान."

बोट कोण चालवणार, हे तिने विचारलं नाही. विचारायचं काय, तिला माहीतच होतं. माहीत असलेली गोष्ट कोण विचारतं?

ताशी तीस मैलांच्या वेगाला दोघे गळले. बत्तिसाला आणखी चार. चौतिसाला दोघेच उरले — एका सॉलिसिटरचा मुलगा, क्लबचा मेंबर, आणि हेरंब. सॉलिसिटरच्या मुलाने चार बोये घेतले आणि पाचव्याला तो आडवा झाला. प्रत्येक फेरीनंतर विचारायचा म्हणून पेस्तनजींनी प्रश्न विचारला, "स्पीड बराबर?" आणि जगदीशने नऊ वर्षं देत आलेलं उत्तर दिलं, "बराबर, साहेब."

मग हेरंब. पाण्यात बसून त्याने मान हलवली. जगदीशने थ्रॉटलचा दांडा पुढे रेटला. दोर ताठ झाला. वेगाचा काटा चढत चौतिसावर आला आणि तिथे थांबला. जगदीशच्या हाताखाली तो नेहमीच थांबायचा. एक. शेपूट उजवीकडे ओढलं गेलं, सुरेख, न घाबरता. दोन. धक्क्यावरून आरोळी उठली — "झालाच पाहिजे!" — छापखान्यातल्या पोरांनी मोर्चातली घोषणाच इथे आणली होती. तीन. काय वळतो हा... मी वळलो असतो तर असाच वळलो असतो. चार. आता बरोबरी झाली. जगदीशच्या डोळ्यांसमोर पाणी होतं, पण त्याला दिसत होता कठडा, कठड्यावरचे हिरव्या बांगड्यांचे दोन हात उंच झालेले. पाच. जिंकला. माझ्या दोरावर, माझ्या शब्दांवर, माझ्या पाण्याच्या वेळेवर — जिंकला. आणि डावा हात थ्रॉटलवर आहे, आणि तो हात... इतकंच पुरेल, नखभर मागे, की दोर ढिला पडेल आणि तो तोंडावर...

हिसका बसला नाही. दोर मोकळा झाला. सहाव्या बोयाच्या अलीकडे हेरंब पडला होता.

बोट वळवताना जगदीशने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. हात थ्रॉटलवर होता, जिथे असायला हवा तिथे. काटा... काटा आता खाली आला होता, पण वळताना तो येतोच.

"स्पीड बराबर?" पेस्तनजींनी कागदावर पाचाचा आकडा लिहायला पेन्सिल टेकवली.

"नाही, साहेब."

पेन्सिल थांबली.

"पाचव्यानंतर माझा हात हलला. स्पीड उतरली."

"हलला? मी तर त्याला बघत होतो. काटा नाय बघितला." साहेब पूर्ण वळले, नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी जगदीशच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. "बघ हां, रूल माहीत हाय ना? ड्रायव्हरची चूक, तर फेरी कॅन्सल. पहिल्यापासून."

"माहीत आहे, साहेब. हलला."

साहेबांनी भोंगा तोंडाला लावून ते धक्क्याला सांगितलं. कोलाहल झाला आणि मग शांत झाला, आणि त्या शांततेत सगळी माणसं, खुर्च्यांतली आणि कठड्यामागची, बोटीच्या चाकामागे बसलेल्या माणसाकडे बघू लागली. जगदीशच्या मानेवर काटा आला. तो गोड होता.

दुसऱ्यांदा त्याने जी फेरी चालवली तशी त्याने आयुष्यात चालवली नव्हती. काटा चौतिसावर खिळ्यासारखा ठोकलेला. हेरंब मात्र दमला होता, ओहोटीही लागली होती, पाण्यावर बारीक सुरकुत्या धावू लागल्या होत्या. तिसऱ्या बोयाला तो पडला.

बक्षीस सॉलिसिटरच्या मुलाला मिळालं. भाषणात पेस्तनजी म्हणाले की खेळ वाढतो तो कपाने नाय, खऱ्या माणसांनी वाढतो, आणि आज आपल्या जगदीशने तो वाढवला. पुढच्या वर्षी डबल लोक येतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सॉलिसिटरच्या मुलाने तर उभं राहून. हेरंब पायरीवर बसून ओला सदरा पिळत होता. त्याने वर बघितलं नाही.

जगदीश त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. "हेरंब... वाईट वाटून घेऊ नकोस."

"मला काही जाणवलं नव्हतं, जगदीशराव." हेरंबचा आवाज खाली होता. "दोर ताठ होता. तोल माझाच गेला. फळीची कड पाण्यात रुतली, माझ्या पायाला कळलं ते."

"तुला नाही कळणार. बोटीत कळतं."

"कळत असेल. पण पाच झाले होते. त्याचे चारच होते. तुम्ही गप्प बसला असतात तर मी जिंकलो होतो." त्याने आता वर पाहिलं. "तुम्ही मोजत होतात ना?"

"...हो."

"मग तुम्हाला माहीत होतं."

हेरंबने ओला सदरा तसाच खांद्यावर टाकला आणि छापखान्यातल्या पोरांकडे चालू लागला. त्यांच्यातल्या एकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, दुसरा बोटीकडे बोट दाखवून काहीतरी बोलला, आणि हेरंबने ते बोट धरून खाली केलं.

बोरीबंदरहून ट्राम मिळाली. कौसल्या खिडकीशी बसली, जगदीश तिच्या शेजारी. भायखळ्याचा पूल आला तेव्हा ती म्हणाली, "सगळे तुमच्याकडेच बघी होते."

"हूं."

"माका बरा वाटला." आणि मग, रस्त्यावरची नजर न काढता, "खरोखर हललो काय हात?"

त्याने तोंड उघडलं. हो म्हटलं असतं तर तो एका गरीब पोराचा पाय ओढणारा माणूस होता. नाही म्हटलं असतं तर... तर त्याने जे हाताने केलं नाही ते तोंडाने केलं होतं, सगळ्यांसमोर, टाळ्या घेऊन. दोन्ही उत्तरं त्याने मनात उचलून पाहिली. दोन्हींचं वजन सारखंच. हात हलला असेल. मला हलवायचा होता, एवढं तर मला माहीत आहे. हलवायचं होतं आणि हलला यांच्यामध्ये किती अंतर असतं? नखभर. आणि ती नखभर जागा बघायला त्या वेळी तिथे कोणीच नव्हतं, साहेब नाही, हेरंब नाही, मीसुद्धा नाही — मी कठड्याकडे बघत होतो.

"सांगा ना."

"गर्दी बघ किती आसा," तो म्हणाला.

त्याने हेरंबबद्दलचा तो ओळखीचा जळफळाट आठवून पाहिला. तीन महिने रोज सकाळी उठल्याबरोबर जिभेवर यायचा तो. ती निमुळती बोटं, ते हसणं, बांगड्याचं तिखलं, हिरवे हात. काहीच पेटलं नाही. समोर फक्त पायरीवरचा हेरंब येत होता, ओठ घट्ट मिटलेला, डोळे सरळ आपल्यावर रोखलेला. त्याला आज झोप लागणार नाही, तो छापखान्यात सगळ्यांना सांगत असेल, चिडत असेल. आणि त्या चिडण्यात कुठेही डाग नसेल. काय झालं, कुणी केलं, सगळं त्याला स्वच्छ माहीत. असं रागावता येणं... एखाद्या माणसावर बोट ठेवून असं सरळ, पूर्ण रागावता येणं...

ट्राम वळली. कौसल्याचा खांदा त्याच्यावर टेकला, आणि तिने तो काढून घेतला नाही. जगदीश बाहेर बघत राहिला. खोल तळाशी साचलेलं ते पाणी पुन्हा हललं होतं. आणि या वेळी त्याला हेवा वाटत होता तो हेरंबच्या रागाचा.