चुलीवर कॉफी आहे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी कचेरी आहे. सकाळपासून माझ्या दारात बुलडोझर उभा आहे. राहू दे उभा! मला हलवायला आलेला हा काही पहिला नव्हे.

माझा जन्म अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या माळावरचा. लिटल बेंड गावच्या सुतारांनी नदीकाठची झाडे तोडून मला उभारले. लाकूड ओले होते. वाळता वाळता मी अशी वाकडी झाले, की जमिनीवर सोडलेली गोटी चारही भिंतींना भेटून परत यायची. पण मान केवढा! ज्या गावात मी, ते काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, मुख्य गाव. जमिनी, लग्ने, खटले, सारे माझ्याच छपराखाली.

शेजारच्या सॉर्गम गावाच्या पोटात हेच दुखायचे. एका रविवारी लिटल बेंडकर चर्चमध्ये डोळे मिटून बसले असताना सॉर्गमकरांनी मला चाकांवर चढवले आणि घोडे जुंपले. आत हल्डा लिंडक्विस्ट झाडलोट करत होती.

"काकू, बाहेर या! नाहीतर तुमच्यासकट नेऊ," त्यांचा म्होरक्या एझ्रा पोटीट ओरडला.

"ने की! पण चुलीवर कॉफी आहे. थेंब जरी सांडला, तरी तुझ्या आईला सांगेन."

एझ्राची आई म्हणजे वादळानेही वळसा घालून जावे अशी बाई! घोडे गोगलगायीसारखे चालू लागले. तेवढ्यात प्रवचन संपले. लिटल बेंडकर धावत आले आणि दुसऱ्या टोकाला त्यांनी आपले घोडे जुंपले. इकडून ओढ, तिकडून ओढ. मी हातभर लांब झाले. खोटे वाटत असेल तर मोजून पाहा! शेवटी म्हटले, जा, आता मी कुणाचीच नाही. कडकन चाकांचा आस मोडला आणि भर माळावर फतकल मारली.

हल्डाने दार उघडले. "कॉफी प्या आणि घरी जा. कचेरी उद्या इथंच उघडेल."

उघडली. माझ्यामागून दुकाने आली, शाळा आली. गावाचे नाव पडले हल्डा.

आता तरुण पांगले, छप्पर गळू लागले. नवे कारभारी म्हणतात, हिला पाडून गाड्यांना जागा करू. का हो? एवढा माळ अपुरा पडला?

मित्रांनो, माझी कीव करू नका. छपराला फळी ठोका, चूल पेटती ठेवा. ओढायला येणाऱ्यांचे मी बघून घेईन.

हल्डाची पणती सिग्ने दारात खुर्ची टाकून बसली आहे.

"बाई, उठा ना," बुलडोझरवाला वैतागला.

"चुलीवर कॉफी आहे. नाव काय रे तुझं?"

"पोटीट."

सिग्ने गालात हसली. "अस्सं! आई बरी आहे ना तुझी?"

पोटीटने बुलडोझर बंद केला.